गावचा ओढा : भूगोलाचा पहिला पाठ

शाळाभेटीस गेलो की चौथीच्या वर्गात मी दोन प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न महाराष्ट्रातील मोठ्या नद्यांचा असतो. गोदावरी, भीमा, कृष्णा, तापी ही नावे मुले एका दमात सांगतात. त्यानंतर मी विचारतो, "शाळेमागच्या ओढ्याचे पाणी कोठे जाते?" वर्ग स्तब्ध होतो. मुले एकमेकांकडे पाहू लागतात. अखेर एखादा धीट मुलगा उभा राहून सांगतो, "खाली जातं, साहेब."

हे उत्तर चुकीचे नाही. पाणी उताराकडे जाते, हा भूगोलाचा पहिला नियम त्या मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी शिकलेला आहे. परंतु त्या 'खाली' या एका शब्दात केवढा प्रदेश सामावलेला आहे, हे त्याला कोणी दाखविलेले नसते. ज्या ओढ्यात तो पोहायला शिकला, ज्याच्या काठी त्याने गुरे राखली, तो ओढा आणि पुस्तकातील नदी या एकाच कुळातल्या गोष्टी आहेत हे त्याला ठाऊक नसते. ही उणीव मुलाची नसून आम्हा शिकविणाऱ्यांची आहे. ती कशी भरून काढता येईल, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उदाहरणासाठी मी पुरंदर तालुक्यातील ओढा घेतला आहे. सिंहगडापासून भुलेश्वराकडे पूर्वेस गेलेल्या डोंगररांगेच्या दक्षिण उतारावरून कऱ्हा नदीकडे असे कितीतरी ओढे उतरतात. त्यांपैकी एका ओढ्याच्या काठच्या शाळेत माझ्या नोकरीची पहिली वर्षे गेली. इतर तालुक्यांतील शिक्षकांनी डोंगराचे व नदीचे नाव बदलावे. पाठाची मांडणी बदलण्याचे कारण नाही.

१. ओढा कोठून येतो?

या पाठाचा आरंभ ओढ्यावर न करता शाळेच्या छपरापासून करावा. छप्पर दोन पाखी असेल तर पावसात मुलांना आढ्याकडे पाहावयास सांगावे. आढ्याच्या अलीकडे पडलेला थेंब पुढच्या अंगणात येतो आणि पलीकडे पडलेला परसात जातो. दोन्ही थेंब एकाच ढगातून आलेले, पडतानाचे अंतर वीतभर. तरी त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. डोंगराच्या माथ्याचेही काम हेच आहे. त्याला आपण जलविभाजक म्हणतो, आणि एका प्रवाहाकडे ज्या भूमीवरचे पाणी वाहत येते त्या सर्व भूमीला त्या प्रवाहाचे पाणलोट क्षेत्र म्हणतो. ही संज्ञा अगोदर सांगून नंतर छप्पर दाखवू नये. छप्पर अगोदर दाखवावे, मग संज्ञा द्यावी.

पुरंदरच्या मुलांना याचे आणखी जिवंत उदाहरण देता येते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून निघून दिवे घाट चढते व सासवडला मुक्कामास येते. घाट चढेपर्यंत ती मुळा-मुठेच्या खोऱ्यात असते. घाटमाथा ओलांडला की ती कऱ्हेच्या खोऱ्यात प्रवेश करते. घाटमाथ्याच्या उत्तर अंगास पडलेला थेंब मुळा-मुठेस मिळून पुढे भीमेत जातो. दक्षिण अंगास पडलेला थेंब ओढ्यातून कऱ्हेत, कऱ्हेतून बारामती तालुक्यातील सोनगाव येथे नीरेत, आणि नीरेतून नीरा नरसिंहपूर येथे भीमेत जातो. म्हणजे दिवे घाटावर दुरावलेले दोन थेंब नरसिंहपुरास पुन्हा एकत्र येतात आणि तेथून पुढे दोघेही पंढरपूरच्या वाळवंटाजवळून वाहत जातात. पालखी जेथे जाते तेथेच आपल्या ओढ्याचे पाणीही जाते, हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो तो मी अनेक वर्गांत पाहिला आहे.

पुढचा प्रवास भिंतीवरील नकाशावर दाखवावा. भीमा रायचूरजवळ कृष्णेस मिळते आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास मिळते. ओढा, कऱ्हा, नीरा, भीमा, कृष्णा, समुद्र ही साखळी मुलांकडून फळ्यावर लिहवून घ्यावी. पहिली कडी आपल्या गावात आहे हे त्यांच्या मनावर ठसले म्हणजे उरलेल्या कड्या पाठ करण्याचे श्रम पडत नाहीत.

२. ओढा कशावरून वाहतो?

आपल्या पठारावरील डोंगर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या भेगांतून वाहत आलेल्या तप्त लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेले आहेत. सर्व थर सारखे नाहीत. काही काळे, घट्ट व कठीण आहेत. काही सच्छिद्र व ठिसूळ असून त्यांतील पोकळ्यांत पांढऱ्या गारा भरलेल्या दिसतात. विहिरी खोदणारे लोक अशा खडकाला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टाही आढळतो.

ओढ्याचे सारे वागणे या थरांवर अवलंबून असते. कठीण थर लागला की पात्र अरुंद होते, पाणी उडी घेते आणि उडीच्या पायथ्याशी डोह तयार होतो. ठिसूळ थर लागला की काठ झिजतात, पात्र रुंदावते व पाणी पसरून वाहते. कठीण खडकाच्या खाचेत अडकलेले गोटे पाण्याच्या भोवऱ्यात वर्षानुवर्षे फिरून गोल खळगे कोरतात. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रात असे मोठमोठे रांजणखळगे आहेत आणि ते पाहण्यास दुरून लोक येतात. बहुतेक ओढ्यांत तसेच, परंतु घागरीएवढे किंवा वाटीएवढे खळगे सापडतात. निघोजची सहल घडेल तेव्हा घडो. वाटीएवढा खळगा मात्र याच आठवड्यात दाखविता येईल.

ओढ्याचे तीन भाग पाडून शिकविणे सोयीचे जाते. वरच्या भागात ओघळी एकत्र येतात, उतार तीव्र असतो, दगड मोठे व टोकदार असतात आणि जमीन बरड असते. तेथे हुलगा, बाजरी यांसारखी पिके दिसतात. मधल्या भागात उतार कमी होतो, गोटे लहान व गुळगुळीत होतात, काठी उंबर, करंज, जांभूळ वाढतात आणि अंजीर-सीताफळाच्या बागा लागतात. खालच्या भागात पाणी संथ होते, रेती व गाळ बसतो आणि काळी जमीन सुरू होते. वळणावर मुलांना थांबवून दोन्ही काठ पाहावयास सांगावे. वळणाच्या बाहेरच्या अंगाचा काठ खचलेला असतो, आतल्या अंगास रेती साचलेली असते. पाणी एका काठाचे घेते आणि दुसऱ्या काठाला देते. नदीचे क्षरण व संचयन हे दोन्ही धडे या एका वळणावर पूर्ण होतात.

३. पाऊस थांबल्यावर पाणी कोठून येते?

या पाठातील सर्वांत मोलाचा प्रश्न हाच आहे, म्हणून त्याचे उत्तर सांगण्याची घाई करू नये. दिवाळीच्या सुमारास पावसाला थांबून आठवडे झालेले असतात, तरी ओढा वाहतच असतो. हे पाणी कोठले? मुले प्रथम "डोंगरावरून" असे म्हणतील. डोंगर तर कोरडा दिसतो. मग मुलांना काठाकडे न्यावे. जेथे सच्छिद्र थराखाली कठीण थर आहे तेथे खडक ओलसर असतो, हिरवे शेवाळ असते आणि बोटाएवढी धार झिरपत असते. पावसाळ्यात जमिनीने पोटात घेतलेले पाणी ती आता हळूहळू परत देत आहे. यालाच आपण पाझर म्हणतो.

याचा पडताळा विहिरींवर घ्यावा. गावातील दोन विहिरी निवडाव्या. एक ओढ्याजवळची, दुसरी दूरची. सुतळीला दगड बांधून, दर हातावर गाठ मारून, प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेस काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. हे काम कठड्याच्या विहिरीवर, मालकाच्या संमतीने व शिक्षकाने स्वतः करावे. मुलांनी फक्त नोंद घ्यावी. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे या महिन्यांत मोजते. आपली शाळा तेच शास्त्र लहान प्रमाणावर चालवीत असते. चार-पाच महिन्यांच्या नोंदी झाल्या की मुलांना स्वतःच दिसते की विहिरीचे पाणी ओढ्याच्या तळाच्या खाली उतरले, त्या सुमारास ओढाही आटला. विहीर आणि ओढा ही दोन पाणी नसून एकाच पाण्याची दोन दारे आहेत.

येथे मुलांना घरी एक काम द्यावे. आजी-आजोबांना विचारावयाचे : "तुमच्या लहानपणी ओढा कोणत्या सणापर्यंत वाहत असे?" वृद्ध माणसांना तारखा आठवत नाहीत, पण सण आठवतात. मी ज्या गावांत हा प्रश्न विचारला तेथे होळी, पाडवा अशी उत्तरे आली. आज तोच ओढा संक्रांतीच्या आत आटतो, असे त्याच घरांतून सांगण्यात आले. दोन सणांमधील हे अंतर मुलांनी फळ्यावर महिन्यांत मांडावे. मग विचारावे, पाऊस तर पडतो आहे, मग हे महिने कोठे गेले? विंधन विहिरी, जास्त पाणी घेणारी पिके, उघडे पडलेले डोंगर, भरून आलेले बंधारे, अशी उत्तरे येतील. शिक्षकाने कोणास दोषी ठरवू नये. कारण उत्तर देणाऱ्या मुलाच्या वडिलांचीच विंधन विहीर असू शकेल, आणि त्यांनाही कुटुंब पोसावयाचे असते. मुलांना हिशेब दिसला म्हणजे पाठाचे काम झाले.

४. क्षेत्रभेट व मोजमाप

क्षेत्रभेट दसरा ते दिवाळी या काळात, सकाळी व आकाश निरभ्र असताना काढावी. पावसाळ्यात मुलांना पात्रात उतरवू नये. घोट्याएवढे पाणी असलेला, तळ दिसणारा सरळ भाग निवडावा. मीटरपट्टी, सुतळी, सेकंद दाखविणारे घड्याळ, वही आणि कडब्यातील ज्वारीच्या धाटाचा एक तुकडा एवढे साहित्य पुरते.

प्रथम पाण्याची रुंदी मोजावी. समजा, ती २ मीटर भरली. मग तीन ठिकाणी खोली घ्यावी. समजा, ती १०, २० व १५ सेंटिमीटर आली. सरासरी १५ सेंटिमीटर, म्हणजे ०.१५ मीटर झाली. नंतर काठावर १० मीटर अंतर मोजून दोन खुणा कराव्या आणि धाटाचा तुकडा पाण्यात सोडून तो एका खुणेपासून दुसरीपर्यंत किती सेकंदांत जातो ते पाहावे. तीन वेळा पाहून सरासरी घ्यावी. समजा, २५ सेकंद लागले. वेग सेकंदाला ०.४ मीटर झाला. आता रुंदी, खोली व वेग यांचा गुणाकार करावा : २ × ०.१५ × ०.४ = ०.१२ घनमीटर, म्हणजे सेकंदाला १२० लिटर. तळाशी व काठाशी पाणी पृष्ठभागापेक्षा हळू वाहते, म्हणून यातील सुमारे चार-पंचमांश धरावे. ते ९६ लिटर होते.

गणित येथे थांबवू नये. सेकंदाला ९६ लिटर म्हणजे तासाला ३,४५,६०० लिटर. ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने दर माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. दीड हजार वस्तीच्या गावास दिवसाला ८२,५०० लिटर लागतील. म्हणजे मुलांनी नुकत्याच ओलांडलेल्या त्या घोटाभर पाण्यातून एका तासात गावाच्या चार दिवसांहून अधिक गरजेचे पाणी निघून जाते. मी हे उदाहरण फळ्यावर सोडविले तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मग उन्हाळ्यात आम्ही टँकरपाशी का उभे राहतो?" तिला मी तयार उत्तर दिले नाही. तो प्रश्न ग्रामसभेपर्यंत जावा, अशी माझी इच्छा होती.

शक्य असेल तेथे याच भेटीस जोडून वनराई बंधारा घालावा. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-रेती भरून, तोंडे शिवून, ती विटांसारखी सांधेमोड करून रचली की पाणी अडते. पालक व ग्रामपंचायत यांचे साहाय्य घ्यावे. बंधाऱ्याच्या वरच्या व खालच्या अंगाच्या विहिरींची पातळी पुढे नोंदवीत राहावे, म्हणजे बंधारा हा केवळ छायाचित्रापुरता कार्यक्रम राहत नाही.

५. नकाशातील काळी रेघ

"आपला ओढा नकाशात का नाही?" हा प्रश्न मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका मुलाने विचारला होता. "तो फार लहान आहे," असे सांगून मी त्याला बसविले. पुढे काही वर्षांनी भारतीय सर्वेक्षण खात्याचा स्थलदर्शक नकाशा माझ्या हाती आला. त्यात २ सेंटिमीटर म्हणजे भूमीवरचा १ किलोमीटर असतो. त्यावर शोधता शोधता आमचा ओढा सापडला. त्याच्या ओघळीसुद्धा होत्या. मात्र तो निळा नव्हता, काळा होता. या नकाशांत पाणी असलेले प्रवाह निळ्या रंगात आणि कोरडे पडणारे प्रवाह काळ्या रंगात दाखवितात. ओढा नकाशात होता. मीच योग्य नकाशा पाहिला नव्हता. त्या मुलास दिलेले उत्तर दुरुस्त करण्याची संधी तोवर निघून गेली होती. वाचकांपैकी कोणास तसाच प्रश्न आला तर हा अनुभव उपयोगी पडावा.

प्रत्येक केंद्रशाळेत आपल्या भागाचा हा नकाशा असावा. त्यावरील तपकिरी समोच्च रेषांवर बोट फिरवून ओढ्याचे पाणलोट क्षेत्र आखता येते. पाणलोट कळले की पावसाचा हिशेब सुलभ होतो. एक चौरस किलोमीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी. चार चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर एखाद्या सायंकाळी ५० मिलिमीटर पाऊस झाला तर २० कोटी लिटर पाणी पडते. त्यातील निम्मे मुरले असे धरले तरी १० कोटी लिटर पाणी त्या एका अरुंद पात्रातून वाट काढते.

यानंतर मुलांनी स्वतःचा नकाशा काढावा. दोन ठळक खुणांमधील ओढा पावलांनी मोजावा, सूर्यावरून दिशा ठरवाव्या आणि डोह, वळण, विहिरी, बंधारा, उतरण्याची जागा ही चिन्हांनी दाखवावी. तलाठ्यांकडील गावनकाशाशी तो ताडून पाहावा. पात्राची रुंदी कागदावर अधिक व जागेवर कमी, असे पुष्कळ ठिकाणी आढळेल. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार खासगी मालकी सिद्ध नसलेल्या नदी-नाल्यांची पात्रे शासनाची असतात. कोणाशी वाद घालणे हे शाळेचे काम नव्हे. परंतु मुलांनी प्रामाणिकपणे मोजून काढलेला नकाशा शाळेच्या भिंतीवर लावण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

६. वरला पाऊस

आतापर्यंत सांगितलेला भूगोल ज्ञानासाठी होता. जो भाग आता सांगावयाचा आहे तो मुलांच्या प्राणांशी निगडित आहे.

त्याच शाळेवर असताना भाद्रपदातील एका दुपारी शाळा सुटली. गावावर ऊन होते. उत्तरेस डोंगरमाथ्यावर ढग काळे झाले होते, पण तिकडे माझे लक्ष नव्हते. पलीकडच्या वस्तीवरची सात मुले नेहमीप्रमाणे ओढ्यातील दगडांवरून जावयास निघाली. पाणी घोट्याच्या खाली होते. काठी शेळ्या राखणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला हाक मारली, "गुरुजी, पोरं माघारी बोलवा. पाण्याला वास सुटलाय. वरला पाऊस हाय." मला त्यात तथ्य वाटले नाही. केवळ त्यांच्या वयाचा मान राखावा म्हणून मी मुलांना परत बोलाविले. पाव तासाच्या आत तांबडे पाणी आले. त्याबरोबर काडीकचरा, फेस आणि मुळांसकट उपटलेली झुडपे होती. ज्या दगडांवरून मुले जाणार होती ते दिसेनासे झाले. ती सात मुले त्या रात्री शाळेतच जेवली आणि पाणी उतरल्यावर त्यांचे पालक दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना घेऊन गेले.

नंतर मी त्या बाईंना विचारले तेव्हा त्यांनी खुणा सांगितल्या. येथे पाऊस नसता पाणी गढूळ होऊ लागते. कोरडा पाला व लेंड्या तरंगत येतात. ओल्या मातीचा वास येतो. पाण्याचा आवाज जड होतो. या बाई कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या. प्रशिक्षित शिक्षक असून मला यांतील एकही खूण ठाऊक नव्हती.

स्थलदर्शक नकाशा मिळाल्यावर मी माथ्यापासून त्या उतरणीपर्यंतचे अंतर मोजले. ते ६ किलोमीटर भरले. पुराचे पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने धावले तर हे अंतर ५० मिनिटांत कापते. माथ्यावर पाऊस दिसला तेव्हाच मला हा हिशेब करता आला असता. पाणलोट, उतार, वेग हे शब्द मी मुलांना लिहून देत होतो. त्यांचा अर्थ मात्र त्या सायंकाळी मला कळला.

पुराची शक्ती केवळ खोलीवर ठरत नाही. वेग दुप्पट झाला तर पाणी हलवू शकेल अशा धोंड्याचे वजन तत्त्वतः ६४ पट होते. सुमारे १५ सेंटिमीटर खोलीचे वेगवान पाणीही मोठ्या माणसाचा तोल घालवू शकते. मुलाची गोष्ट तर बोलावयासच नको. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच डोंगररांगेच्या परिसरात अतिवृष्टी झाली. उत्तरेस कात्रजकडून पुणे शहरात उतरणाऱ्या आंबिल ओढ्यास व दक्षिणेस कऱ्हेस, दोहोंस महापूर आला. शहरात व जिल्ह्यात मिळून अनेकांचे प्राण गेले. एरवी ज्याला लोक नाला म्हणून हिणवीत, त्या ओढ्याने आपले पात्र परत मागितले.

म्हणून ज्या शाळांची मुले ओढा ओलांडून येतात, त्या शाळांनी पुढील गोष्टी पावसाळ्यापूर्वी कराव्या :

(१) ओढा किंवा फरशीपूल ओलांडणाऱ्या मुलांची वस्तीनिहाय यादी कार्यालयात लावावी.

(२) ओढ्याच्या उगमाकडील गावातील शिक्षक किंवा अन्य जबाबदार व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक घेऊन ठेवावा. वर पाऊस सुरू होताच त्यांनी कळवावे, अशी विनंती करावी.

(३) काठच्या पक्क्या खडकावर पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढावा. पाणी पट्ट्यास लागले की कोणीही पलीकडे जावयाचे नाही, मग बरोबर पालक असोत वा शिक्षक.

(४) पट्ट्याखाली पाणी असले, तरी ते गढूळ होत असेल व पाला तरंगत येत असेल तर थांबावे.

(५) मुलांना रात्र काढावी लागली तर ती कोठे राहतील व काय खातील, हे शाळा व्यवस्थापन समितीने आधीच ठरवून ठेवावे.

(६) गावातील जुन्या जाणत्या माणसांस वर्षातून एकदा वर्गात बोलावून पुराच्या खुणा मुलांना ऐकवाव्या.

समारोप

शिक्षकबंधूंनो व भगिनींनो, या पाठास खर्च नाही. एक नोंदवही, एक सुतळी, एक नकाशा आणि वर्षातून चार-पाच फेऱ्या, एवढेच लागते. नोंदवहीच्या पहिल्या पानावर ओढ्याचे नाव, उगमाकडील डोंगर आणि समुद्रापर्यंतची साखळी लिहावी. पुढे प्रत्येक महिन्यास एक पान द्यावे : पाणी वाहते की साचलेले, स्वच्छ की गढूळ, खोली किती, विहिरींची पातळी काय, काठी कोणते पीक, कोणते पक्षी. अखेरीस ओढा कोणत्या दिवशी आटला, ती तारीख व जवळचा सण लिहावा. बदली होऊन आपण दुसऱ्या गावी जाल, पण वही शाळेत राहील. दहा वर्षांनी येणाऱ्या शिक्षकास ती कोणत्याही पुस्तकाहून अधिक उपयोगी पडेल.

आचार्य अत्रे यांचा जन्म १८९८ मध्ये सासवडजवळच्या कोडीत येथे झाला. पुढे मोठे नाव मिळविल्यावर त्यांनी आपल्या आत्मचरित्रास 'कऱ्हेचे पाणी' हे नाव दिले. देशातील मोठ्या नद्यांच्या मानाने कऱ्हा फार लहान आहे, परंतु ज्या पाण्याकाठी आपण वाढलो त्याचे नाव सांगावेसे वाटणे हेही एक शिक्षणच आहे.

वर्गासाठी प्रश्न

१. आपल्या ओढ्याचे पाणी समुद्रास मिळेपर्यंत कोणकोणत्या नद्यांतून जाते?

२. शाळेचे छप्पर १० मीटर लांब व ६ मीटर रुंद असून १० मिलिमीटर पाऊस पडला, तर छपरावर किती लिटर पाणी पडले? (उत्तर : ६००)

३. दिवाळीनंतर ओढ्यात येणारे पाणी कोठून येते? ते प्रत्यक्ष कोठे पाहिलेत?

४. वळणाचा कोणता काठ खचतो, आणि का?

५. गावावर ऊन असताना ओढ्यास पूर कसा येतो? पूर येण्यापूर्वीच्या तीन खुणा सांगा.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक मुलास आले पाहिजे. उरलेल्या चारांत कोणी चुकले तरी चालेल.